कानाला गोड लागणारा नादुरुस्त अँप्लिफायर

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाकडे एकाच बनावटीचे दोन जुने व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) अँप्लिफायर आहेत. अमरावतीच्या मेकॅनिकने एकाचे सगळे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) बदलले आणि आता मोजमाप उत्तम येत असल्याचे दाखवून दिले. तरीही मंडळातील जाणत्यांना दुरुस्त न केलेल्याचाच आवाज गोड वाटतो. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, दर्यापूर तालुका (जि. अमरावती)

उत्तर : जाणत्यांना गोडवा जाणवतो, याविषयी शंका नाही, तो अँप्लिफायरमुळेच आहे का, एवढेच तपासायचे आहे. दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज कानाला अधिक भरदार वाटतो आणि तो मोठा आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा स्थिर सूर दोन्हींना द्यावा आणि लाऊडस्पीकरच्या टोकांवरील एसी व्होल्टेज मल्टिमीटरने पाहून, एका टक्क्याच्या आत, सारखे करून घ्यावे. संध्याकाळी गावातले व्होल्टेज पडते, तेव्हा ही चाचणी दुपारी, एकाच बैठकीत घेतलेली बरी. मग एकाने पडद्याआड बसून नाणेफेकीने अँप्लिफायर निवडावा, भजनाचा तोच तुकडा वाजवावा आणि जाणत्यांनी ओळखावे. दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का असते. (जोडणी बदलताना दोन्ही अँप्लिफायर बंद ठेवावेत, लाऊडस्पीकरविना चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.)

जाणत्यांनी ओळखले, तर मोजमापात काय सुटले ते शोधावे लागेल. मेकॅनिक बहुधा लाऊडस्पीकरऐवजी साधा रेझिस्टर जोडून मोजतात. व्हॉल्व्हच्या कॅथोड या टोकावरचा कंडेन्सर सुकला की खालच्या सुरांत गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) घटतो, त्यामुळे लाऊडस्पीकरला आवरून धरणारा फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा मागे वळवलेला भाग) कमी पडतो आणि लाऊडस्पीकर ज्या सुरावर आपणहून घुमतो तेथे आवाज फुगू शकतो. हा फुगवटा रेझिस्टरवर दिसत नाही. डग्ग्याचा घुमारा मात्र लांबतो, आणि माझ्या मते तुमच्या मंडळींना आवडणारा गोडवा बहुधा हाच असावा. तसे असेल तर दुरुस्त अँप्लिफायरचे बासचे बटण थोडे वाढवूनही त्याच्या बऱ्याच जवळ जाता येईल.

चाचणीचा निकाल काहीही लागो, दुरुस्त न केलेल्या अँप्लिफायरमधील आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा कंडेन्सर चाचणीपूर्वीच बदलावा. तो गळू लागला की ग्रिडवर डीसी पोहोचते, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो आणि त्याची प्लेट लाल होते. हे काम मात्र मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण आत ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहतो.