रिकाम्या रकान्याविषयी

सोलापूर, डिसेंबर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी ई-मेल दोनदा वाचली. किराणा घरपोच देणाऱ्या अ‍ॅपमध्ये ग्राहकाच्या फोनमधील सगळे संपर्क वाचण्याची परवानगी मागायची, त्यांचे पुढे काय करायचे हे अजून कोणी ठरवलेले नाही, पण ‘पुढेमागे उपयोगी पडतील’ असे तुझ्या वरिष्ठांचे म्हणणे आहे, आणि हे काम निमूटपणे करावे की काही बोलावे, असे तू विचारतेस. नोकरीला लागून चार महिने होत नाहीत तोच हा प्रसंग आला याचे मला वाईट वाटले नाही. तुला तो खटकला याचे मात्र बरे वाटले. उत्तराआधी माझी एक जुनी चूक सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी येथील एका टॉवेल कारखान्यासाठी मी पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहिला होता. कोणी किती नग विणले, दर काय, उचल किती घेतली आणि या आठवड्यात तिच्यातली किती कापायची, एवढाच तो हिशेब होता आणि तोवर तो दिवाणजींच्या कपाटातल्या वहीत बंद असे. मी उत्साहाच्या भरात प्रत्येकाची जन्मतारीख, घरातील माणसे, मूळ गाव असे रकाने वाढवत गेलो, कारण रकाना वाढवायला काहीच कष्ट पडत नव्हते. शिवाय दर शनिवारी संपूर्ण यादी छापून फाटकाजवळच्या भिंतीवर लावता येईल अशी सोय करून दिली. मालक खूश झाले. तिसऱ्या आठवड्यात एक वयस्कर विणकर माझ्यापाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, पगार लावा भिंतीवर, पण माझी उचल सगळ्या कारखान्याला कशाला सांगता? पोरीची सोयरीक चाललीय.”

मी त्याच रात्री तो रकाना छपाईतून काढला. पाच मिनिटांचे काम होते. तो घालताना मात्र मी पाच मिनिटेही विचार केला नव्हता, आणि आधीच्या तीन शनिवारी लोकांनी जे वाचले ते त्यांच्या डोक्यातून काढण्याची कोणतीही आज्ञा माझ्याजवळ नव्हती. त्या मुलीच्या सोयरिकीचे पुढे काय झाले हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

तू लहानपणापासून चौकस आहेस. घरातला रेडिओ उघडून ठेवल्याबद्दल तू खाल्लेला ओरडा मला आठवतो. ही चौकसबुद्धी या धंद्यातले सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि आपल्या गावात तिला खाद्य भरपूर आहे. जेकार्डचा माग तू पाहिला आहेस: नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची, भोक असेल तेथे सुई आरपार जाते आणि तिला जोडलेला उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. जोझेफ मारी जेकार्डने फ्रान्समध्ये १८०४ साली हे यंत्र सिद्ध केले. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे उचलली, आणि १८४३ साली त्या यंत्राचा अभ्यास करणाऱ्या एडा लव्हलेसने लिहून ठेवले की जेकार्डचा माग जशी फुले-पाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या आकृती विणील. सोलापुरी चादरीवरचा मोर आणि तुझा पहिला प्रोग्राम यांचे गोत्र एकच आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांना ती थट्टा वाटते.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर मार्च २०२४ मधले घे. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला चाचण्या घेताना असे दिसले की एका संगणकात दुरून प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. अर्ध्या सेकंदाकडे कोण पाहतो? त्याने पाहिले, माग काढला, आणि लिनक्स या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या जगभरच्या संगणकांवर असणाऱ्या ‘एक्सझेड’ या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनात कोणीतरी लपवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. ज्याने तो घातला त्याने टोपणनावाने दोनेक वर्षे इमानदारीने काम करून मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास कमावला होता. प्रोग्राम उघडा, म्हणजे त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला, असल्यामुळे त्याला शिरकाव मिळाला हे खरे, पण तो उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला तो ओळीओळीने तपासता आला, हेही खरे. बंद पेटीत असा दरवाजा असता तर त्या अर्ध्या सेकंदाची तक्रार ग्राहकसेवेच्या रांगेत पडून राहिली असती. म्हणून शक्य तेथे ज्याचे आतडे पाहता येते असे सॉफ्टवेअर वापर, आणि आपल्या फाइली अशा स्वरूपात ठेव की कंपनी बुडाली तरी त्या वाचता येतील. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेली मराठी पत्रे आज उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, हे दुःख युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच सामाईक संकेतपद्धतीत, वाढलेल्या तुझ्या पिढीला कळायचे नाही.

फ्रॉइंडने यंत्राची झडती घेतली. मी त्या विणकराच्या घराची घेतली होती, आणि तुझे वरिष्ठ ग्राहकाच्या सोयऱ्याधायऱ्यांची घेऊ पाहत आहेत. पडद्यासमोर बसल्यावर यंत्राची झडती आणि माणसाची झडती हे दोन्ही प्रकार एकाच कौशल्याने आणि जवळजवळ त्याच ओळी लिहून होतात, त्यामुळे आपण एकातून दुसऱ्यात कधी गेलो हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारायला शिकलो आहे: हा रकाना रिकामा राहिला तर आजचे काम अडेल का? अडत नसेल तर तो रकानाच नको. जी माहिती आपण घेतलीच नाही ती चोरीला जात नाही, चुकून छापली जात नाही आणि भंगारात विकलेल्या हार्ड डिस्कमधून बाहेरही येत नाही.

संपर्कांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. ग्राहकाने ‘परवानगी द्या’ वर बोट टेकवले तरी त्याच्या फोनमधल्या चारशे माणसांनी कोठे काय मान्य केलेले असते? त्यांत त्याचा डॉक्टर असेल, सावकार असेल, ज्याच्याशी बोलणे त्याने घरात सांगितलेले नाही असेही कोणी असेल. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे माहिती) संरक्षण कायद्यानुसार संमती ही सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. ‘पुढेमागे’ हा काही हेतू नव्हे, हे तुझ्या वरिष्ठांनाही पटायला हरकत नाही.

तरीही बैठकीत कायद्याची कलमे वाचून दाखवू नकोस. चार महिन्यांच्या माणसाने तसे केले की ऐकणाऱ्यांचे कान बंद होतात. त्याऐवजी पर्याय घेऊन जा. ग्राहकाला दुसऱ्या कोणाच्या घरी सामान पाठवायचे असेल तर अँड्रॉइडच्याच संपर्क निवडण्याच्या पडद्यातून तो एक नंबर निवडून देऊ शकतो आणि त्यासाठी संपूर्ण यादीची परवानगी लागत नाही. ते एका संध्याकाळी करून दाखव. तयार चालणाऱ्या गोष्टीला नाही म्हणणे वरिष्ठांना जड जाते. इतके करूनही त्यांनी ऐकले नाही, तर तुझा आक्षेप विनम्र शब्दांत लेखी कळव आणि काम कर. घराचा हप्ता तुझ्या पगारावर चालतो हे मला ठाऊक आहे, आणि पहिल्याच मतभेदावर राजीनामा देण्याचा सल्ला ज्याला स्वतः हप्ता भरायचा नाही तोच देतो. मात्र गोळा केलेली यादी विकण्याचे काम सांगितले गेले, तर त्या दिवशी मला फोन कर.

आता घरचे थोडे. परवा नवी पेठेत झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. येणारा प्रत्येकजण आधार कार्डाची फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होता, आणि दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोडच्या फोल्डरात निम्म्या शहराची ओळखपत्रे ओळीने निजलेली दिसत होती. दुकानदार भला आहे, तो त्यांचे काही करणार नाही; पण तो संगणक उद्या दुरुस्तीला जाईल. तुझ्या आईला सांग की शेवटचे चारच आकडे दाखवणारे झाकलेले आधार उतरवून घेता येते, झेरॉक्सवर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिले हे आडवे लिहावे, आणि छपाई झाल्यावर फाइल आपल्या समोर पुसायला सांगावे. तिला संकोच वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटला होता, पण दुकानदाराने हसून पुसली आणि नंतरच्या गिऱ्हाइकाचीही आपण होऊन पुसली.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी येशील तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून ये. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भंगारातून जेकार्डच्या कार्डांची एक अख्खी माळ मी आणून ठेवली आहे, आणि भोकांवरून नक्षी उलट काढण्याचा प्रोग्राम लिहायला घेतला आहे. डावीकडची काठाची वेल नीट उमटते. मध्ये मोर आहे की कमळ, हे मात्र अजून उलगडलेले नाही.

तुझा,
काका