कॉलनीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आहेत. रहवासी संघाने फॉगिंग मशीन विकत घ्यावे का?

आपण विचारले आहे की, इंदूरच्या आपल्या कॉलनीत पावसाळा सरता सरता दोन घरांत डेंग्यू निघाला, तेव्हा रहवासी संघाने वर्गणी काढून धुराचे यंत्र घ्यावे का, आणि स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिल्या येणाऱ्या शहरात हा आजार मुळात होतोच कसा. मी डॉक्टर नाही. रामबागेकडच्या आमच्या वसाहतीत संघाचे काम पाहताना या विषयाचे वाचन करावे लागले आणि घरोघरच्या टाक्यांत डोकावावेही लागले, तेवढ्या आधारावर लिहितो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती जातीचा डास नालीत वाढत नाही. नालीतल्या घाण पाण्यात वाढतो तो प्रामुख्याने क्युलेक्स. तो रात्रीची झोप मोडतो, पण डेंग्यू देत नाही. एडिसच्या मादीला हवे असते भांड्यात साचलेले स्वच्छ पाणी, आणि ते आपण तिला घरात आयतेच देतो. 2017 पासून शहराने रस्ते झाडले, कचरा उचलला, त्यामुळे उघड्यावर पडलेले डबे आणि टायर कमी झाले हा लाभ खराच. परंतु कूलरची टाकी काही कचरागाडीत जात नाही. चिकुनगुन्या हाच डास पसरवतो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते दोन्ही आजारांना लागू आहे.

यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धूर फक्त उडत्या डासाला मारतो. पाण्यातल्या अळीला आणि अंड्याला त्याने काहीही होत नाही. शिवाय एडिस बहुधा घरातच, पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटात टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो, आणि गल्लीतून यंत्र फिरू लागले की आपण दारे-खिडक्या लावून घेतो. म्हणजे ज्याच्यासाठी धूर केला तो आत सुरक्षित राहतो. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे पाणी तसेच राहिले तर मेलेल्यांची जागा घेणारी नवी फळी लवकरच तयार होते. रुग्ण निघालेल्या घरात व आजूबाजूला मलेरिया विभागाचे कर्मचारी औषध फवारायला आले, तर त्यांना अवश्य आत येऊ द्यावे. त्या फवारणीला प्रयोजन आहे. पण संघाने दर शनिवारी धूर काढून समाधान मानणे, याला मी रोगप्रतिबंध म्हणणार नाही.

खरे काम पाण्याचे आहे, आणि त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी काळी, बारीक आणि चिवट असतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नसते. भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासाव्या लागतात. माळव्यात कूलर मार्च-एप्रिलला लागतो आणि आषाढात कुणाच्या लक्षात न येता बंद होतो. पण बंद झालेला कूलर खिडकीतच राहतो, तळाशी चार बोटे पाणी राहते आणि पावसाची सर त्यात भर घालते. चालू कूलर आठवड्यातून एकदा रिकामा करून, घासून, काही तास उन्हात कोरडा करावा. हंगाम संपताच टाकी घासून पुसावी, जुने गवत टाकून द्यावे आणि कूलर छपराखाली ठेवावा, नाहीतर आदल्या वर्षीची अंडी पुढच्या वर्षीच्या पाण्याची वाट पाहत बसतात.

कूलरखालोखाल साठवणीचे पाणी. नर्मदेचा नळ अनेक भागांत एक दिवसाआड येतो, त्यामुळे जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरची टाकी यांच्याशिवाय आपले चालत नाही, आणि साठवू नका असे कुणाला सांगण्यात अर्थही नाही. झाकण घट्ट बसते का, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या नळीला बारीक जाळी आहे का, एवढेच पाहावे. संघाला वर्गणी खर्चच करायची असेल तर ती या जाळ्यांवर, तडकलेल्या झाकणांवर आणि पाणी तुंबणाऱ्या गच्चीचा उतार दुरुस्त करण्यावर करावी. बाकी जागा घराघरांत साधारण त्याच निघतात: फ्रिजच्या मागची ताटली, मनी प्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा, पक्ष्यांसाठी ठेवलेले सकोरे, बांधकामावरचे पिंप. सुटीत पुण्याला किंवा नागपूरला गेलेल्यांच्या बंद घरांतला कमोड आणि फ्लशची टाकीही यात येते. निघताना कमोडचे झाकण पाडून जायचे, एवढाच त्यावर उपाय आहे. बागेतल्या शोभेच्या टाक्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. रिकामे करता येत नाही अशा, पिण्याच्या नसलेल्या पाण्यावर थोडे तेल टाकले तरी अळ्या गुदमरून मरतात.

हा डास जन्मस्थानापासून फार लांब जात नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. त्यामुळे एका घराने सर्व काही केले आणि शेजारच्या गच्चीवर उघडे पिंप राहिले, तर पहिल्या घराचे श्रम वाया जातात. उलट सगळी गल्ली एकाच दिवशी पाणी उपसत असेल तर परिणाम लवकर दिसतो. 1901 साली क्युबातल्या हवानात अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी पीतज्वर (यलो फीव्हर) काही महिन्यांत आटोक्यात आणला तो असाच, घरोघरची पाण्याची भांडी तपासून, झाकून आणि त्यांत तेल टाकून; तो डासही हाच होता. आपल्याकडे रविवार सकाळ ठरवावी. प्रत्येक गल्लीतल्या दोघांनी टॉर्च घेऊन फिरावे आणि त्यांपैकी एखादी काकू किंवा वहिनी असावी, कारण स्वयंपाकघर आणि मोरीपर्यंत त्यांनाच सहज जाता येते. ज्या घरात अळ्या सापडतील त्यांचे नाव व्हॉट्‌सअॅपच्या गटावर टाकू नये. पुढच्या रविवारी ते दार उघडणार नाहीत. वाटीभर पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या घरच्यांनाच दाखवाव्यात, दुसरे काही सांगावे लागत नाही.

आता रुग्णाविषयी. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण चार ते दहा दिवस जातात, म्हणून संसर्ग घरात झाला की शाळेत वा दुकानात, हे सांगणे अवघड असते. एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी चावतो. मात्र तापाच्या दिवसांत रुग्णाला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी इतरांना आजार देऊ लागतो, हे नक्की. म्हणून त्या दिवसांत रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे, आणि घरातल्या तान्ह्या मुलांनी व दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या आजी-आजोबांनीही. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. एनएस-1 ही डेंग्यूची रक्ततपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. धोका बहुधा ताप उतरताना सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच घरचे निश्चिंत होतात. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे किंवा विलक्षण ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर प्लेटलेट्सच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे.