मरीन टँकमध्ये क्लाऊनफिश आहेत, त्यातच सीहॉर्सची जोडी सोडली तर चालेल का?

नको, वेगळा टँक करा. सीहॉर्सला पोटच नसतं, म्हणजे जठर नाही, दातही नाहीत, खाल्लेलं भराभर पुढे सरकतं म्हणून दिवसातून दोन-तीनदा तरी खायला घालावं लागतं, आणि खाण्यात तो इतका निवांत की काही विचारू नका. समोर मायसिस (कोळंबीसारखा छोटासा जीव, याचं खाणं) तरंगत आला की एक डोळा फिरवून बघणार, मान वाकवणार, विचार करणार, आणि मग एकदम टक् करून नळीसारख्या तोंडात ओढणार (हा आवाज कधीकधी काचेबाहेरही ऐकू येतो!). तेवढ्यात क्लाऊनफिशने सगळं फस्त केलेलं असतं, आणि हा बिचारा उपाशी.

टँक उंच हवा, निदान ४५ सेंमी, कारण जोडी जुळताना ते उभे वर वर जातात. पाणी २२ ते २४ डिग्री, त्याहून गरम झालं की बॅक्टेरियाचे आजार पटकन होतात. शेपटी गुंडाळायला खोटी झाडं, दोऱ्या काहीही चालेल, फक्त अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) आणि डंख मारणारे कोरल नकोत. पंपाच्या तोंडाला स्पंज लावाच, शेपटी अडकते.

आणि घेताना कॅप्टिव्ह ब्रेडच घ्या, म्हणजे टँकमध्येच जन्मलेले. समुद्रातून पकडलेले बरेचदा जिवंत खाण्याशिवाय तोंडच लावत नाहीत, शिवाय परजीवी घेऊन येतात. विकणाऱ्याला समोर फ्रोझन मायसिस घालायला सांगा, खाल्लं नाही तर सरळ परत फिरा.