पगाराची स्लिप देत नाही, मालकाले जेल होते का?

प्रश्न: दादा, मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमंदी रेच्यावर (कापसातली सरकी काढाच्या मशीनवर) कामाले हाव. ठेकेदार पगार रोख देते, रजिस्टरवर सही घेते पन आकडा पेन्सिलनं लिवलेला रायते. बँकेत लोनसाठी स्लिप मांगली त म्हनते, इथं कोनाले स्लिप भेटते का बे. याले जेल होते का? आन आमच्या गावच्या सालगड्याले भेटते का स्लिप? (एक वाचक)

उत्तर: भाऊ, स्लिप देणं काही मेहेरबानी नाही, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या, म्हणजे पगाराच्या नव्या कायद्याच्या, कलम 50 मध्येच ते लिहिलंय. पण जेलचं विचाराल तर पहिल्या झटक्यात होत नाही. कामगार खात्याचा अधिकारी आधी लेखी मुदत देतो, तेवढ्यात ठेकेदार सुधारला तर केसच नाही, नाही सुधारला तर 20 हजारापर्यंत दंड, आणि एकदा शिक्षा होऊनही 5 वर्षांत परत तेच केलं तर मात्र मुदतबिदत काही नाही, 1 महिन्यापर्यंत कैद किंवा 40 हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. रजिस्टर नीट नाही ठेवलं त्याचा 10 हजारापर्यंत दंड वेगळा. तक्रार तुम्ही स्वतःही करू शकता.

पण मला तर ती पेन्सिलच जास्त खटकली. उद्या त्यानं आकडा वाढवून लिहिला तर खाली सही तुमचीच ना! त्यामुळं सही करताना बाजूला तारीख आणि हाती आलेली रक्कम स्वतः पेननं लिहा, जमलं तर मोबाईलवर फोटो काढा. दंडाचा पैसा तसाही तुमच्या खिशात येत नाही, येतो तो दाव्यातून. पगार कमी दिला असा दावा 3 वर्षांच्या आत टाकता येतो आणि पूर्ण पैसे दिले हे कलम 59 प्रमाणे त्यालाच सिद्ध करावं लागतं, आता स्लिप नाही, रजिस्टर पेन्सिलचं, दाखवेल काय डोंबल? बाकी रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देता येते. ठेकेदारानं हात वर केले तर जिनिंगवाला जबाबदार. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज द्या अन् पोच घ्याच.

सालगड्याचं म्हणाल तर शेतीवर 5 किंवा कमी माणसं असली तर स्लिपची सक्ती नाही, फक्त अधिकाऱ्यानं मागितला तर पैसे दिल्याचा पुरावा शेतमालकाला दाखवावा लागतो.