आधी फोटो बघा, मग पैशाचं ठरवा

गाडी आणि रस्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे. मुलीला पुण्याला हॉस्टेलवर सोडून एकटीच कार चालवत सोलापूरला परत आले. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला : अतिवेगाचं चलन, दंड 2000 रुपये. जागा टेंभुर्णी आणि मोहोळच्या मधली, वेग 113, मर्यादा 90. आजवर मला रस्त्यात कुणी साधी शिट्टी मारून थांबवलेलं नाही. मेसेज वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. मिस्टर म्हणतात, भरू नकोस, लोकअदालतीत निम्म्यात सुटेल. दीर म्हणतात, चौपदरी हायवेला 100 ची मर्यादा आहे, चलनच चुकीचं आहे, भांडायचं. शेजारच्या वहिनी म्हणतात, आता लायसन्स जाणार. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे, आरटीओत मोबाइल नंबर माझा दिलेला, म्हणून मेसेज मला आला. त्यांना अजून सांगितलेलं नाही. काय करू?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, लायसन्स गेलेलं नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 मध्ये अतिवेगाला पहिल्या वेळी दंड आहे. कारसारख्या हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये, आणि आपल्या राज्यात कारला 2000 घेतात. लायसन्स जप्तीची तरतूद त्याच कलमात आहे, पण दुसऱ्या वेळेपासून. तेव्हा वहिनींची धास्ती आज लागू नाही, पुढच्या चलनाला मात्र ती खरी ठरू शकते.

आता मेसेजकडे या. तो खरा आहे का, हे तुम्ही तपासलंत की नाही ते पत्रात नाही, आणि माझ्या दृष्टीने पहिलं काम तेच. सध्या चलनाच्या नावाखाली लोकांची खाती रिकामी करणारे मेसेज सर्रास फिरतात. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल येते, माणूस घाबरून ती दाबतो, आणि फोनचा ताबा दुसऱ्याच्या हातात जातो. कुठलंही सरकारी खातं चलन एपीके फाइल करून पाठवत नाही. मेसेजमधल्या लिंकला हातच लावू नका. ब्राउझर उघडून ‘महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाइप करा, किंवा महाट्रॅफिक ॲप अधिकृत ॲप स्टोअरवरूनच घ्या. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. ते आरसी बुकावर आहेत. तिथे चलन दिसलं तर ते खरं, नाही दिसलं तर मेसेज डिलीट करा. आणि घाईत कुणी लिंक दाबून पैसे गमावलेच असतील तर वाट न बघता 1930 वर फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

चलन खरं निघालं की त्यातला फोटो उघडा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण रक्कम बघतात आणि फोटो न उघडताच भरायचं की भांडायचं ते ठरवून मोकळे होतात. मी प्रत्येकाला सांगते, आधी फोटो मोठा करून बघा. नंबर प्लेट तुमचीच आहे का? ‘3’ आणि ‘8’, ‘0’ आणि ‘6’ नीट बघा. गाडी तुमचीच आहे का, म्हणजे रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचं स्टिकर, कॅरिअर? चौकटीत एकच गाडी आहे की शेजारून दुसरी पुढे जातेय? मग तारीख, वेळ आणि जागा. त्या वेळी तुम्ही खरंच तिथे होतात का? फास्टॅगचा हिशेब काढा. पुण्याहून येताना वरवडे आणि सावळेश्वर या दोन नाक्यांवर पैसे कधी कापले गेले ते बँकेच्या मेसेजमध्ये असतं. त्यावरून तुमची वेळ जुळते की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेत मधे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला ताशी 100 दिलेत, हे खरं. पण ती वरची कमाल मर्यादा आहे. कलम 112 प्रमाणे राज्याला आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांना ती एखाद्या रस्त्यासाठी किंवा टप्प्यासाठी कमी करता येते. म्हणून तिथे लागू असलेली, बोर्डावर लिहिलेली मर्यादा पाळायची. आणि क्षणभर दिरांचे 100 धरले, तरी तुमचे 113 त्याच्याही वरच आहेत. या मुद्द्यावर भांडून हाती काही लागणार नाही.

भांडायला जागा आहे ती वेगळीकडे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167अ हा नियम आला. कॅमेऱ्याने किंवा स्पीडगनने केलेल्या चलनासाठी तो महत्त्वाचा आहे. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. टप्प्याच्या आधी सूचना देणारे फलक हवेत. नोटीस घटनेपासून 15 दिवसांत निघायला हवी. चलनासोबत नंबर प्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि लागू केलेलं कलम हवं. यातलं काही नसेल, किंवा फोटोतली गाडीच तुमची नसेल, तर त्याच ॲपवर तक्रार नोंदवता येते. तक्रार करताना रागावून पानभर लिहू नका. ‘फोटोतली गाडी पांढरी आहे, माझी करडी आहे, आरसीची प्रत जोडली आहे’ एवढं पुरतं. मी स्वतः गाडी शिकवते, वकील नाही. कोर्टापर्यंत जायची वेळ आली तर वकिलांना विचाराच.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पैसे भरणं म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोड करणं. भरल्यावर ‘आता तक्रार करते’ म्हणून उपयोग नाही. म्हणून फोटो आधी, पैसे नंतर.

आता लोकअदालत. मिस्टरांना सांगा, लोकअदालत ही सूट देणारी योजना नव्हे. थकलेली प्रकरणं तडजोडीने मिटवायची ती जागा आहे. तिथे काही वेळा रक्कम कमी होते, पण होईलच असं कुणी लिहून देत नाही, आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. दोन हजारांच्या एका चलनासाठी तारखेची वाट बघत बसायचं, तोवर ते प्रकरण कोर्टात जायचं, नाक्यावर पोलिसांनी नंबर टाकला की थकबाकी दिसायची, हे मला पटत नाही. ज्यांची बरीच चलनं साठली आहेत त्यांनी लोकअदालतीचा विचार जरूर करावा. तुमचं एकच आहे. फोटो तुमच्याच गाडीचा असेल, वेळ जुळत असेल, तर चलनावर दिलेल्या मुदतीत भरून टाका. त्याच संकेतस्थळावर यूपीआयने किंवा कार्डाने भरता येतं. ऑनलाइन नको वाटत असेल तर मशीन असलेल्या वाहतूक पोलिसांकडे भरा. पावती डाउनलोड करून गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा, आणि दोन-चार दिवसांनी चलन ‘पेड’ दिसतंय का ते परत बघा.

सासऱ्यांना आजच सांगा. गाडी त्यांच्या नावावर, म्हणजे चलनही कागदोपत्री त्यांच्या गाडीवर. गाडी कोण चालवत होतं असं विचारलं गेलं तर ती माहिती देणं कलम 133 प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. उद्या गाडी विकायला काढली आणि आरटीओत थकीत चलन निघालं, तर त्यांना ते परक्याच्या तोंडून कळेल. त्यापेक्षा संध्याकाळी चहाच्या वेळी तुम्हीच सांगितलेलं बरं. माणसं ऐकून घेतात, बाई. लपवलेलं कळलं की मात्र ती बात वेगळी होते.

इथपर्यंत कागदाचं झालं. आता 113 बद्दल बोलते, कारण मला खरी काळजी त्याची आहे. एकटी बाई पुण्याहून गाडी घेऊन येते याचा मला आनंदच आहे. मी बायकांना गाडी शिकवते ती त्याचसाठी, आणि मला तुम्ही सुखरूप यायला हव्या आहात.

कारचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवेल असा लावलेला असतो. उपकरणात 113 आले, तेव्हा तुमच्या काट्यावर 113 हून जास्तच असणार. तुम्हाला ते जाणवलं नसेल, आणि त्यात तुमचा निष्काळजीपणा होता असंही मी म्हणत नाही. भिगवण, इंदापूर मागे टाकत तासभर मोकळ्या रस्त्यावर 110 ने आलं की डोळ्यांना तोच वेग साधा वाटायला लागतो. 90 वर आलं तर गाडी रांगतेय असं वाटतं. म्हणून वेग मनाने ठरवायचा नसतो, काट्यावर बघायचा असतो. माझ्याकडच्या मुली हायवेचा सराव करतात तेव्हा प्रत्येक बोर्ड दिसला की त्यांनी आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग काट्यावरचा आकडा म्हणायचा. पहिल्यांदा हसतात, नंतर सवय लागते.

90 च्या वेगात गाडी एका सेकंदाला 25 मीटर जाते, 113 च्या वेगात 31 मीटरहून जास्त. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढा रस्ता गेलेला असतो. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे 90 च्या मानाने 113 ला दीडपटीहून जास्त. आणि वाचतं काय? मोहोळ ते सोलापूर साधारण 35 किलोमीटर धरा. 90 ने 23 मिनिटं, 113 ने 18-19 मिनिटं. पाच मिनिटंसुद्धा नाहीत.

आपला हा रस्ता नुसता हायवे नाही हेही ध्यानात घ्या. टेंभुर्णीला आणि मोहोळला पंढरपूरकडे जायचे फाटे आहेत, वारीच्या दिवसांत कडेने माणसं चालत असतात. गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर अंधारात तुमच्या पुढे असतो. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने झाकलेला, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. तो 20 च्या वेगात आणि तुम्ही 113 च्या. हेडलाइटच्या उजेडात तो ट्रॅक्टर आहे हे कळेपर्यंत ब्रेकला अंतर उरत नाही. मोटारसायकलवाले गावाच्या फाट्यावर उलट्या बाजूने येतात ते वेगळंच. त्यांचं चुकतंच, पण धडक झाली की चूक कुणाची हे नंतर ठरतं.

पुढच्या वेळी मुलीला सोडून निघालात की मोबाइलच्या नकाशात वेगाचा इशारा चालू करा, तुमच्या गाडीत वेगमर्यादेचा अलार्म असेल तर तो 90 ला लावा. एकट्या असाल तर इंदापूरच्या आसपास उतरून पाय मोकळे करा. ओढ घराची असते आणि शेवटच्या टप्प्यात पाय ॲक्सिलरेटरवर नकळत जड होतो. तुमचं चलनही त्याच टप्प्यातलं आहे.

प्रश्न : मी गारमेंटमध्ये कामाला आहे. माझ्या स्कूटरवर पुण्यातलं चलन आलं. स्कूटर सोलापूरच्या बाहेर कधी गेलेली नाही. फोटोत नंबर माझाच आहे, पण गाडी निळी, माझी लाल. पाचशे-हजारासाठी कशाला भानगड, भरून टाक, असं मालक म्हणतात.
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : दादा, भरू नका. तुमचा नंबर दुसऱ्या कुणीतरी लावलाय, आणि आज नियम तोडणारी ती निळी गाडी उद्या अपघात करून पळाली तर पोलीस तुमच्या दारात येतील. ॲपवर तक्रार नोंदवा. सोबत आरसीची प्रत आणि तुमच्या लाल स्कूटरचे नंबर प्लेट स्पष्ट दिसतील असे पुढून-मागून काढलेले फोटो जोडा. त्या दिवशी तुम्ही कामावर होतात याची हजेरी असेल तर मालकांकडून तेवढी मागून घ्या. शिवाय जवळच्या पोलीस ठाण्यात नंबरचा गैरवापर होत असल्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. स्कूटर 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या. ती सक्तीची आहेच, आणि तिच्यावर लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक असल्याने हुबेहूब नक्कल करणं अवघड जातं. अर्जाची पोच डिकीत कागदांबरोबर ठेवा आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आठवड्यातून एकदा संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघत जा, म्हणजे निळ्या गाडीचं आणखी एखादं चलन पडलं तर त्याचीही तक्रार लगेच करता येईल.