ओला गिलावा थांबत नाही

प्रश्न : आमच्या शनिवारच्या वर्गात शाळकरी मुले आणि काही निवृत्त मंडळी इटलीचा रेनेसान्स शिकतात. नुसत्या स्लाइडवरून फ्रेस्को (ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेले भित्तिचित्र) कळेना, म्हणून वॉलपुट्टी फासलेल्या फरशीवर करून पाहिला. वाळल्यावर रंग बोटाला लागतात, आणि हळदीचा पिवळा तर लालच झाला. काय चुकले?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : हळदीला चुना लागला की ती लाल होणारच, कुंकू तसेच करतात. शिवाय ती उन्हात उडते. फ्रेस्कोला मातीचे रंग घ्या : लालसाठी गेरू, पिवळ्यासाठी रामरज, काळ्यासाठी कोळशाची पूड. ते फक्त पाण्यात घोटा, डिंक नको.

खरी अडचण पुट्टीची. तिच्यात पांढरे सिमेंट आणि पॉलिमर असते. फ्रेस्कोत रंग धरून ठेवतो तो चुना. ओल्या गिलाव्यातला चुना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि रंगाच्या कणांभोवती दगडासारखा घट्ट होतो.

विरवलेल्या चुन्याची पूड आणून महिनाभर पाण्यात बुडवून ठेवा. कळीचा (न विरवलेला) चुना वर्गात पाणी घालून विरवू नका. तो उकळतो, शिंतोडे डोळ्यांत जातात. कालवतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच. बिनझिलईची भाजक्या मातीची फरशी रात्रभर भिजवा. पहिला थर एक भाग चुना, अडीच भाग धुतलेली वाळू, जाडी एक सेंटिमीटर. तो आठवडाभर सावलीत सुकू द्या. चित्राच्या दिवशी त्यावर पाणी मारून वरचा थर द्या : समभाग चुना आणि बारीक संगमरवरी भुकटी, जाडी तीन ते चार मिलिमीटर. इथे गोदावरीची वाळू नको. तिच्यातल्या काळ्या खडकाच्या कणांमुळे गिलावा सावळा दिसतो.

बोट टेकवल्यावर गिलावा चिकटेनासा झाला की रंगवायला घ्या. सावलीत चार-पाच तास मिळतात. नाशिकच्या एप्रिलात फार तर दोन, म्हणून हा वर्ग डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. ब्रश अडखळू लागला की थांबायचे. त्यानंतरचा रंग भुकटी होऊन वरच बसतो. उरलेला कोरा गिलावा सुरीने तिरका कापून काढा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच ताजा लावा. इटालियनमध्ये या एका दिवसाच्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात.

हे एकदा हाताखालून गेले की व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छताचे (१५०८–१२) मोठे छायाचित्र समोर ठेवा आणि सांधे शोधायला सांगा. आकृतीच्या कडेने जाणारी बारीक रेघ म्हणजे मायकेलअँजेलोच्या दिवसाची हद्द. मुले ती मोठ्यांपेक्षा लवकर हेरतात.

प्रश्न : मग अजिंठा आणि लिओनार्दोचे ‘लास्ट सपर’ हेही फ्रेस्कोच ना?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही नाहीत, जरी पुष्कळ पुस्तकांत तसे छापलेले असते. अजिंठ्यात मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग लावले आहेत. लिओनार्दोला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचे होते. ओला गिलावा तेवढी सवड देत नाही. म्हणून मिलानमधल्या त्या भिंतीवर (सुमारे १४९५–९८) त्याने कोरड्या गिलाव्यावर टेम्परा (अंड्यासारख्या चिकट माध्यमात कालवलेले रंग) आणि तेल वापरले. रंग भिंतीत मुरलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांतच चित्राची पार दुर्दशा झाली होती. पाडुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमधले चित्रकार जोत्तोचे फ्रेस्को त्याहून जवळजवळ दोनशे वर्षे जुने असून पुष्कळ शाबूत आहेत. तिथे गळाला आहे तो मुख्यतः निळा, कारण तोही कोरड्यावरच लावलेला.