लेकरांच्या नजरेतली आई : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात आईविषयीची पत्रं बरीच आली. कुणी लेकराच्या चित्राने काळजीत पडलं आहे, कुणाला रंग साधत नाहीत. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची, अंगणवाडीत जाते. घरच्यांचं चित्र काढ म्हटलं तर तिने बैलजोडी, बाबा आणि आजी मोठे काढले. मला अगदी कोपऱ्यात, लहानशी, आणि हातच नाहीत. वेचणीच्या दिवसांत मी सकाळी आठला वावरात जाते ती दिवस बुडताना येते. शेजारीण म्हणते, लेकराच्या मनात आईला जागाच नाही. हे खरं आहे का? — एक आई, दारव्हा तालुका (यवतमाळ)

उत्तर : नाही ताई, खरं नाही. एका चित्रावरून लेकराचं मन वाचता येत नाही, आणि तसं वाचून दाखवणाऱ्यांपासून दूरच राहा.

आधी वयाचं पाहू. तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा एक गोल आणि त्यालाच खाली दोन रेघा असतात, धड नसतंच. पाचच्या पुढे-मागे धड येतं. हात बरेचदा उशिरा येतात, आणि कधी डोक्यातूनच फुटलेले असतात. या वयात एखाद्या चित्रात हात राहून गेले तर त्यात नवल नाही. लुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1927 मध्येच लिहून ठेवलं आहे की लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. म्हणूनच खिशातले पैसे कापडातून आरपार दिसतात आणि घराच्या भिंतीतून आतली चूल दिसते.

आता आकार. ज्याचं महत्त्व जास्त त्याला मूल मोठं काढतं, हे काही वेळा खरं असतं. पण जागेचा हिशोब पाच वर्षांच्या लेकराला येत नाही. जे आधी काढलं ते ऐसपैस होतं, शेवटी राहिलेल्याला कोपरा मिळतो. तुमच्या लेकीने बैल आधी काढले असतील तर शिंगं, वशिंड आणि शेपटी यांतच अर्धा कागद गेला असणार. हे तपासायला सोपं आहे. पुढच्या वेळी ती चित्र काढताना बाजूला बसा, काही बोलू नका, आणि कोण आधी आलं, कोण नंतर, एवढंच लक्षात ठेवा.

मग दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून द्या. लहान कागदावर मोठी आई मावत नाही. “आईचं चित्र काढ” असं मोघम सांगण्यापेक्षा “आई कापूस वेचते तेव्हाचं काढ” म्हणा. झाल्यावर “हे काय आहे?” विचारू नका, त्यात परीक्षा वाटते. “इथं काय चाललंय, सांग बरं” एवढं पुरे. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत मागच्या बाजूला तारखेसकट लिहा. हात नाहीत म्हणून तुम्ही काढून देऊ नका, तिची पेन्सिल तिथेच थांबते.

आणि हात चित्रात यावेत असं वाटत असेल तर तुमच्या हातांजवळ तिला थोडं बसू द्या. संध्याकाळी कमरेची कापसाची ओटी सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. मूठभर कापूस तिच्यापुढे ठेवा. पिवळी पडलेली कवडी एकीकडे, पाल्याचा कचरा एकीकडे, स्वच्छ कापूस एकीकडे, हे पाच वर्षांचं मूल मन लावून करतं. मग त्यातल्याच दोन पाकळ्यांची सरकी बोटांनी काढा आणि फुलवात करायला घ्या. तंतू ओढून ओढून कापूस मोकळा करायचा, दोन रुपयांच्या नाण्याएवढी पातळ चकती पसरायची, मध्ये चिमूटभर कापूस जास्त ठेवायचा, मधोमध चिमटीत वर उचलून टोक पिळायचं. बोटांना किंचित राख किंवा दुधाचा थेंब लावला की पीळ सुटत नाही. फार घट्ट पिळली तर तेल वर चढत नाही. सरकीचं टरफल राहिलं तर वात तडतडते. मोकळं करणं आणि पसरणं तिला जमेल, पिळायला सात-आठ वर्षांची बोटं लागतात. तोवर पीळ तुम्ही द्या. हात काय करतात हे नुकतंच अनुभवलेलं मूल बहुतेक वेळा चित्रातही हात आणतं, तेही मोठाले.

काळजी चित्रावरून करू नये, वागण्यावरून करावी. लेकराने खाणं सोडलं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, एखाद्या माणसाला पाहून ते लपू लागलं, बोलेनासं झालं, तर वाट पाहू नका. अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला डॉक्टरांचं पथक येतं त्यांना सांगा, किंवा सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

प्रश्न : रंगखडू महिन्याभरात संपतात म्हणून घरीच हळद आणि गेरू पाण्यात कालवून मुलांना छपरीची मातीची भिंत रंगवायला दिली. वाळल्यावर गेरू हाताला लागतो आणि हळद तर चार दिवसांत उडाली. काय चुकलं? — एक वडील, मूल तालुका (चंद्रपूर)

उत्तर : भाऊ, भिंत मुलांच्या हवाली केली हे फार चांगलं केलंत. चूक दोन ठिकाणी आहे.

पहिली, गेरूला धरून ठेवणारं काही घातलं नाही. बाभळीचा डिंक घ्या. एक वाटी डिंकाला दोन वाट्या पाणी, रात्रभर भिजत ठेवा, सकाळी फडक्यातून गाळा. गेरू कुटून वस्त्रगाळ करा. दोन चमचे गेरूला एक चमचा डिंकाचं पाणी, त्यात गुळाच्या पाण्याचे चार-पाच थेंब, आणि मग साधं पाणी लागेल तसं. गुळाने रंग लवचीक राहतो. डिंक कमी पडला की रंग भुकटी होऊन हाताला लागतो, जास्त झाला की चकाकतो, तडकतो आणि खपल्या धरतो. म्हणून भिंतीच्या आडोशाला बोटभर पट्टा ओढून वाळू द्या, घासून पाहा, मगच मुलांना द्या. मातीची भिंत अगदी कोरडी असेल तर आधी पाण्याचा हलका शिपका मारा. नुकतीच सारवलेली ओली भिंतही नको, रंग पसरतो. ऑइलपेंटच्या भिंतीवर हा रंग धरतच नाही.

दुसरी गोष्ट हळदीची. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, कितीही डिंक घाला. भिंतीसाठी पिवळा हवा तर रामरज म्हणजे पिवळी माती आणा. हळद वहीसाठी ठेवा. कागदावर हळदीच्या रंगात चुन्याच्या निवळीचा थेंब पडला की लाल होतो, मुलांना ते पाहायला फार आवडतं. निवळी मात्र मोठ्यांनीच हाताळायची, डोळ्यात गेली तर इजा होते. पळस तुमच्याकडे भरपूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली पडलेली फुलं सावलीत वाळवून ठेवा. दोन मुठी वाळकी फुलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, अर्धा तास उकळून चौथा हिस्सा राहू द्या, गाळा. चिमूटभर तुरटी घातली की पिवळा, चुन्याच्या निवळीने केशरी. पाल्याचा हिरवा चार दिवसांत मातकट होतो, त्याच्या नादी लागू नका.

काळ्यासाठी तुराटीचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीचा, कोळसा उत्तम. पेन्सिलीच्या जाडीच्या तुराट्या साल काढून चार-चार इंचांच्या करा, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दाटून भरा, झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत ठेवा. भोकातून धूर येतो, तासाभराने थांबतो. मग डबा बाहेर काढून भोक ओल्या मातीने बुजवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. गरम असताना उघडला तर आत हवा शिरून काड्या पेट घेतात आणि हाती राख येते. ब्रशसाठी शिंदीची काडी रात्रभर भिजवून टोक इंचभर दगडाने ठेचा, तंतू मोकळे होतात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. शेंदूर मुलांच्या रंगात नको, त्यात शिसं असतं. आणि फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा डबा, कितीही धुतलेला असो, रंगाला वापरू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले आहेत.

याच कोळशाने एक काम मुलांकडून जरूर करून घ्या. संध्याकाळी खोलीतले दिवे मालवून एकच टॉर्च पाच-सहा फुटांवर स्टुलावर ठेवा. आईला भिंतीला खांदा लागेल इतकं जवळ, बाजूला तोंड करून बसवा. भिंतीवर पडलेली सावली मुलाने कोळशाने गिरवायची. आई भिंतीच्या जितकी जवळ तितकी कड स्पष्ट. टॉर्च जवळ आणली तर सावली मोठी आणि वेडीवाकडी होते. गिरवणाऱ्याने टॉर्चच्या आड येऊ नये. दोन-तीन मिनिटं आईने हलायचं नाही. एवढा वेळ आईकडे नुसतं पाहत राहणं लेकराच्या वाट्याला एरवी येत नाही. नाकाची चमकी, अंबाड्याचा उंचवटा, कपाळावर सुटलेली बट त्याला तेव्हा दिसते.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. ‘माझे कुटुंब’ निबंधात लिहिलं, “बाबा शेती करतात. आई घरी असते.” मी निंदण, वेचणी, गाईचं दूध, सगळं करते. वाईट वाटलं. — एक आई, अचलपूर तालुका (अमरावती)

उत्तर : ताई, वाईट वाटणारच. पण लेकराने खोटं लिहिलेलं नाही, ऐकलेलं लिहिलं आहे. सातबाऱ्यावर बाबांचं नाव, बाजार समितीत बाबा जातात, आल्यागेल्याला “मालक आहेत का?” असंच विचारलं जातं. तुमच्या कामाला घरात कुणी ‘शेती’ म्हणतच नाही. हा शब्द आधी मोठ्यांनी वापरायचा आहे, बाबांनी तर नक्कीच. “आई निंदायला गेली” यापेक्षा “आई शेतीवर गेली” हे मुलाच्या कानावर पडू द्या. पुस्तकं हळूहळू बदलत आहेत : 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडतात असं चित्र आलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचं नाव येतं. घरातलं बोलणं मागे राहायला नको.

मुलाकडून ‘आईचा दिवस’ नावाचं पुस्तक करवून घ्या. सुटीच्या दिवशी तो तुमच्या मागे राहील आणि दर तासाला एक ओळ लिहील : काय काम, कशाने केलं, किती. “चांगलं काम करते” असं नाही. “चार बादल्या पाणी”, “सहा तास वेचणी, वजन इतकं किलो” असं. किलो त्याने स्वतः काट्यावर पाहायचे. पुस्तकासाठी सहा पाठकोरे कागद एकत्र अर्धे दुमडा, कोरी बाजू बाहेर ठेवून हवं तर दोन-दोन चिकटवा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मध्ये आणि एकेक वरखाली, कडेपासून दोन बोटं आत. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत घ्या, आतूनच सरळ खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. टोकं एकाच बाजूला राहिली तर शिवण ढिली पडते.

वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम निघाली. हाताच्या कामातूनच भाषा आणि गणित शिकायचं, हा तिचा गाभा. तुमच्या मुलाचं किलो-तासांचं हे पुस्तक म्हणजे तेच. शाळेतल्या बाईंना जरूर दाखवा.

प्रश्न : भुलाबाईच्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते. सून दमून येते, नाती गाणी म्हणायला मागतात. काय करावं? — एक आजी, बाळापूर तालुका (अकोला)

उत्तर : आजी, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज सगळं साग्रसंगीत झालंच पाहिजे असं नाही. भुलाबाई-भुलोजी मुलींनीच मातीचे करू द्या. काळ्या मातीत थोडं कुटार (भुसा) मिसळा, नुसती काळी माती वाळताना भेगाळते. गाणी तुम्ही सांगा. जुन्या गाण्याच्या चालीवर रोज एक नवं कडवं नातींनी आईवर रचावं, आज ती वावरातून काय घेऊन आली, काय बोलली यावर. सुनेने फक्त शेवटी यायचं, खाऊ ओळखायला. डब्यात काय आहे ते मुलींनी झाकून ठेवायचं, आवाज ऐकवायचा आणि आईने ओळखायचं. एरवी मुली ओळखतात, इथे उलट करा. पाच मिनिटांत होतं, आणि दमलेली सून बसल्या जागी खेळात येते.

प्रश्न : घरातल्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे फोटो आहेत, बायकोचेच नाहीत. मुलांना सांगून काढावेत का? — एक वाचक, हिंगणघाट तालुका (वर्धा)

उत्तर : जरूर. मोबाइल मुलाकडे द्या, पण आईला “इकडे बघ” म्हणायचं नाही, काम चालू असतानाचेच काढायचे, तेही तिला विचारून. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर काढा, दुपारच्या उन्हात पदराखाली चेहरा काळा पडतो. उजेड फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे हवा. दिवसाला दहापेक्षा जास्त नकोत, म्हणजे मूल निवडून काढतं. महिन्याला एक फोटो तालुक्याला जाल तेव्हा छापून आणा आणि कोणता छापायचा ते आईला ठरवू द्या. मागे तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहा, बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे वळ उमटतो.